डाव्या डोळ्याचं शून्य

७ मे

आज आमच्या चष्म्याच्या दुकानातल्या प्रोग्राममधली चूक पकडली. स्वतःची पाठ थोपटण्याचा माझा स्वभाव नाही, पण पकडली मीच. काचा बसवणाऱ्या मामांनी सकाळी वर्कशॉपमधून फोन करून, काय हो, हल्ली तुमची गिऱ्हाइकं एकाच डोळ्याने बघतात का, असं विचारलं होतं, हे खरं. पण ते विचारणं झालं. पकडणं वेगळं.

चूक अशी. दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखाच असला, की मामांकडे जाणाऱ्या स्लिपवर प्रोग्राम डाव्या डोळ्यापुढे शून्य छापतो. स्क्रीनवर बरोबर, कागदावर शून्य. शून्य म्हणजे साधी काच, खिडकीला असते तशी. नंबर वेगवेगळे असले तर काही बिघडत नाही.

बायको आतल्या खोलीत डोळे तपासून नंबर काढते. मी काउंटरवर बसून ते कॉम्प्युटरमध्ये भरतो. त्यामुळे आधी स्वतःवरच संशय घेतला. खोट्या नावांची गिऱ्हाइकं तयार केली, त्यांना नाना तऱ्हेचे नंबर दिले, स्लिपा छापून पाहिल्या. चूक माझी नाही. बरं वाटलं. बरं वाटल्याबद्दल थोडं वाईटही वाटलं.

बायको म्हणाली, एवढंच ना, स्लिपवर पेनाने खोडून नंबर लिहू या. मी म्हटलं, तेच करायचं नाही. आपण झाकत राहिलो तर कंपनीला चूक दिसणार कशी? ती म्हणाली, कंपनीचं माहीत नाही, पण गिऱ्हाइकाला काही दिसणार नाही एवढं नक्की.

शेवटी तडजोड. दुकानातून जाणारी प्रत्येक स्लिप मी स्वतः डोळ्यांखालून घालणार आणि लागली तर लाल पेनाने दुरुस्त करणार. इतर कुणी हात लावायचा नाही. म्हणजे चुकीची नीट नोंदही राहील. हा प्रोग्राम घ्यायचा आग्रह माझा होता, जबाबदारीही माझीच.

आठवडाभराचा प्रश्न आहे.

८ मे

कंपनीच्या साइटवर तक्रार नोंदवली. लिहायला सकाळ गेली. विमा कंपनीच्या पत्रव्यवहार खात्यात इतकी वर्षं काढली, माझ्या मसुद्याला साहेब हात लावत नसत. नोकरी सोडून बायकोच्या दुकानात आलो तेव्हा ते कसब वाया जाणार असं नातेवाईक म्हणाले होते. आज त्यांची आठवण आली.

तक्रारीचं गांभीर्य निवडायचं असतं. किरकोळ, मध्यम, गंभीर, अतिगंभीर. इथे बराच वेळ अडलो. अतिगंभीर म्हणजे धंदा बंद. आपला चालू आहे. गंभीर म्हणावं तर कुणाचा डोळा गेलेला नाही. मध्यम टाकणार होतो. मग वाटलं, त्यांच्याकडे इतक्या दुकानांच्या तक्रारी येत असतील, आपलं दुखणं सगळ्यांनाच मोठं वाटतं. मोठं सांगून रांगेत पुढे घुसणाऱ्यांची मला चीड आहे.

किरकोळ.

लेकीने मागून डोकावून वाचलं. कॉलेजातून येते ती थेट दुकानातच टपकते. म्हणाली, बाबा, ही तक्रार आहे की पीएचडी? शिवाय ‘आपला प्रोग्राम एरवी अत्यंत उपयुक्त आहे’ हे वाक्य तीन ठिकाणी का, असंही विचारलं. एरवी उपयुक्त आहे म्हणून. एक ठिकाणचं काढलं.

१४ मे

कंपनीच्या सपोर्टताईंचा फोन. आवाज गोड, बसलेला. सर्दी झाली होती बिचारीला. म्हणाल्या, सर, आमच्याकडे तर बरोबर येतंय, सर. मी विचारलं, कुठले नंबर टाकलेत? उजवा वजा एक, डावा वजा दोन. मी म्हटलं, ताई, सारखे टाका. त्या म्हणाल्या, ओके सर, सारखे का टाकायचे, सर?

पुन्हा पहिल्यापासून समजावलं. मग त्यांनी कॉम्प्युटर बंद करून चालू करायला सांगितला. केला. प्रिंटर बदलून बघा म्हणाल्या. शेजारच्या झेरॉक्सवाल्याचा प्रिंटर उचलून आणला. त्यावरही शून्यच आलं, आपल्यापेक्षा जास्त ठसठशीत. झेरॉक्सवाला म्हणाला, बघा क्वालिटी.

ताई शेवटी म्हणाल्या, मी पुढे कळवते, सर. फोन ठेवल्यावर मेसेज आला: आमच्या सेवेबद्दल आपण समाधानी आहात का? एक ते पाच तारे.

चूक तशीच आहे, हे मान्य. पण प्रश्न सेवेचा होता. ताईंनी घसा बसलेला असताना तासभर ऐकून घेतलं, एकदाही आवाज चढवला नाही. त्यांची बढती या ताऱ्यांवर असेल. मी कोण अडवणारा?

पाच दिले.

१५ मे

तक्रार बंद झाली. कारण: ग्राहक समाधानी.

दिवसभर डोकं भणभणत होतं.

१६ मे, दुपार

शांतपणे विचार केला. दोष माणसांचा नाही, पद्धतीचा आहे. ‘बोलणारी व्यक्ती चांगली होती का’ आणि ‘काम झालं का’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. कंपनीने ते वेगवेगळे विचारायला हवेत. तशी सूचना स्वतंत्रपणे लिहून पाठवली. तिचं गांभीर्य ‘गंभीर’ टाकलं, कारण ती माझ्या स्वार्थाची नाही, सर्वांच्या हिताची आहे.

त्यानंतर शून्याची तक्रार नव्याने लिहायला घेतली. मागच्या वेळी तिसरा परिच्छेद घाईत झाला होता. या वेळी नीट वेळ दिला. काउंटरवर गर्दी होती, पण मी मान वर केली नाही. बायको स्लिपा घेऊन आली, मामांचा माणूस उभा आहे म्हणाली. मी हो हो म्हटलं.

मसुदा उत्तम झाला आहे.

२३ मे

विजय! कंपनीने माझी सूचना अमलात आणली. आठवड्याच्या आत. आता शेवटी दोन प्रश्न येतात. साइटवर ‘आमच्या एका जागरूक ग्राहकाच्या सूचनेवरून’ असं चक्क लिहिलं आहे. बायकोला दाखवलं. तिने विचारलं, आणि डावा डोळा?

डाव्या डोळ्याचंही उत्तर आलं आहे. ‘ही ज्ञात त्रुटी आहे.’ म्हणजे त्यांना ठाऊक आहे. हा मोठाच टप्पा म्हणायला हवा. बायको म्हणाली, ज्ञात तर मलाही आहे, मला कुणी पगार देतं का?

त्यांनी तात्पुरता उपायही सुचवला आहे. दोन नंबर सारखे असले तर डाव्यात मुद्दाम पावचा फरक भरा, स्लिप छापा आणि मग पेनाने दुरुस्त करा. मी नकार कळवला. माणसाच्या डोळ्याचा नंबर म्हणजे त्याची नोंद आहे, ती जाणूनबुजून खोटी भरणार नाही. पेन वापरायचंच आहे तर मग तुमचा प्रोग्राम कशाला, असं एक वाक्य लिहिलं होतं. जरा लागेल असं वाटलं. काढलं.

२६ मे

घरात फितुरी.

मामांकडच्या जुन्या स्लिपा सहज चाळत होतो. काहींवर माझी लाल दुरुस्ती आहे. पण बऱ्याच स्लिपांवर निळी दुरुस्ती आहे. अक्षर बायकोचं. मी मुद्दाम ‘लाल’ म्हटलं होतं, नोंद राहावी म्हणून. आता किती स्लिपा चुकल्या याचा हिशोबच लागणार नाही.

विचारलं. तिने नाकारलंही नाही. म्हणाली, तू काउंटरवर बसून निबंध लिहितोस, तुझ्या नजरेतून अर्ध्या स्लिपा सुटतात, मी जाता जाता बघते. मी म्हटलं, अर्ध्या हे अतिशयोक्त आहे. ती म्हणाली, बरं, मग किती?

या प्रश्नाला उत्तर नव्हतं. नोंद नीट नसल्यामुळे.

मग तिने स्पष्ट सांगितलं. शाळा उघडायच्या आधी पोरं रांगेने येतात. पोरांचे नंबर दोन्ही डोळ्यांना सारखे निघतात, हे तुला सांगायला नको. तोवर कंपनीने चूक काढली तर ठीक. नाही तर ती स्लिपा हाताने लिहिणार, काउंटरवर स्वतः बसणार, आणि कॉम्प्युटर माझ्यासकट मागच्या खोलीत. मागच्या खोलीत रिकामे खोके आणि तुटक्या फ्रेमांची पोती आहेत.

मी म्हटलं, मान्य. कंपनीला आता निश्चित तारीख देता येईल. कधीकधी तारखेचाच अभाव असतो.

२८ मे

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

एक आजोबा नातीला घेऊन आले. आठेक वर्षांची, पहिलाच चष्मा, आमच्याकडचाच. सुट्टीतल्या वाचनवर्गाला जाते. तिथल्या बाई म्हणाल्या, हिचं लक्ष नसतं, मान वाकडी करून पुस्तकाकडे बघत बसते. आजोबा घरी तिला सरळ बस, सरळ बस म्हणून ओरडत होते. मुलगी सांगत होती, या बाजूच्या काचेतून पुसट दिसतं. आजोबांना वाटलं, चष्मा नको म्हणून नखरे करते.

बायकोने काचा मशीनवर लावल्या. डावी साधी.

आजोबा आरडाओरडा करतील अशी माझी तयारी होती. त्यांनी केला नाही. नुसतं म्हणाले, मी पोरीला उगीच बोललो हो. दोनदा म्हणाले. मुलगी काउंटरवरच्या आरशात बघत होती, एक डोळा मिटून, मग दुसरा मिटून.

स्लिप काढून पाहिली. सोळा तारखेची. लाल नाही, निळी नाही, कोरी. त्या दिवशी ती माझ्या हाताखालून गेली. मी हो हो म्हटलं. मी तक्रारीचा तिसरा परिच्छेद लिहीत होतो.

नव्या काचा मामांनी संध्याकाळपर्यंत बसवून दिल्या. मी स्वतः घरी नेऊन दिल्या. आजोबांनी पाणी विचारलं. प्यायलो नाही. प्यायला हवं होतं का? नाही म्हटलं ते त्यांना उद्धटपणा वाटला असेल.

२९ मे

बायको कालपासून फक्त कामापुरतं बोलते.

कंपनीला लिहिलं. या वेळी कडक. पहिल्याच ओळीत घटना. ‘किरकोळ’ काढून ‘गंभीर’ करायला गेलो तर गांभीर्य बदलता येत नाही, नवी तक्रार करावी लागते. केली. शेवटी, वस्तुस्थितीला धरून असावं म्हणून, ‘मुलीच्या दृष्टीला कायमची इजा झालेली नाही व स्लिप न तपासण्यात आमचाही दोष आहे’ असं नमूद केलं.

लेक म्हणाली, बाबा, भांडताना समोरच्याच्या बाजूची वाक्यं त्याला बोलू द्यायची असतात.

३१ मे

कंपनीचं उत्तर. ‘इजा नसल्याचे व ग्राहकाच्या बाजूनेही दोष असल्याचे आपण नमूद केल्यामुळे गांभीर्य गंभीरवरून मध्यम केले आहे.’

बायकोने ते माझ्या खांद्यावरून वाचलं. तोंड उघडलं ते एवढंच विचारायला: तू त्यांचा वकील आहेस की माझा नवरा?

दोन्ही असू शकत नाही असं नाही, असं मी म्हणणार होतो. म्हटलं नाही. सुधारणा होत आहे माझ्यात.

२ जून

आता खरी संधी. कंपनीने ‘ग्राहक मित्र मंडळ’ काढलं आहे. निवडक दुकानदारांची व्हिडिओ मीटिंग घेणार आणि पुढच्या सुधारणेत काय घ्यायचं ते आमच्या मतांवर ठरवणार. माझं नाव यादीत आहे. सूचनेमुळे लक्षात राहिलो असणार. इतके दिवस लिहीत राहिलो ते फुकट गेलं नाही.

बायकोला सांगितलं, परवा सोक्षमोक्ष. ती आतून म्हणाली, बघू.

संकल्प: मीटिंगमध्ये मुद्द्यावर यायचं. प्रस्तावना नाही. कुणाचे आभार नाहीत.

४ जून

मीटिंग. लेक कॅमेरा लावून द्यायला शेजारी बसली होती.

कंपनीचे साहेब मोकळेढाकळे, टी-शर्टातले. आम्ही चष्म्याचे, कानाच्या मशीनचे वगैरे दुकानदार. तीन गोष्टी मतदानाला होत्या. पहिली, माझं शून्य. दुसरी, स्क्रीन काळ्या रंगाची करता यावी. तिसरी, गिऱ्हाइकांना वाढदिवसाच्या शुभेच्छा आपोआप जाव्यात.

प्रत्येक मुद्द्याला पाच मिनिटं. माझ्या मुद्द्यावर मीच बोलायचं होतं. थेट सुरुवात करणं उद्धट वाटेल म्हणून मंडळ स्थापन केल्याबद्दल दोन शब्द बोललो. मग कंपनीची एकंदर प्रगती. मग, हा मुद्दा मांडताना माझा वैयक्तिक संबंध आहे हे आधीच जाहीर करणं योग्य, असं म्हणून संबंध जाहीर केला. मुलीपर्यंत पोचलो तेव्हा साहेब म्हणाले, थँक यू सर, वेळ संपली, छान मांडलंत.

मतदान. काळ्या स्क्रीनला कुणीच नाही. शून्य आणि वाढदिवस बरोबरीत. फक्त माझं मत राहिलं होतं. सगळे माझ्याकडे बघत होते.

इथे खरा पेच होता. हितसंबंध आताच जाहीर केला होता. ज्याचा हितसंबंध आहे त्याने स्वतःच्या बाजूने मत द्यायचं नसतं, ही साधी गोष्ट आहे. विमा खात्यात मी याच्यावर परिपत्रक लिहिलं होतं. आणि मत न देणं म्हणजे इतरांचा खोळंबा.

वाढदिवसाला दिलं.

लेक किंचाळली, बाबा! माइक चालू होता. साहेब हसले, म्हणाले, घरात मतभेद दिसतात. कानाच्या मशीनवाल्या बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी शून्याला मत दिलं होतं. म्हणाल्या, अहो, मी तुमच्यासाठी हात वर केला होता.

४ जून, संध्याकाळ

लेकीने आईला सांगितलं. मी सांगणारच होतो, योग्य वेळी.

बायको चिडली नाही. हसली. बराच वेळ हसली, स्टुलावर बसून, चष्मा काढून डोळे पुसत. मीही हसलो. मग ती थांबली आणि मी एकटाच हसतोय हे माझ्या लक्षात आलं.

९ जून

शाळा उघडल्या. दुकानात पाय ठेवायला जागा नाही.

बायकोने काउंटर घेतलं. कोऱ्या स्लिपांचं पुडकं, कार्बन, निळं पेन. मी मागच्या खोलीत. तिने लिहिलेल्या स्लिपांच्या कार्बन कॉपी इथे येतात आणि मी त्या कॉम्प्युटरमध्ये भरतो, नोंदीसाठी. एका अर्थाने हे काम जास्त जबाबदारीचं आहे. बाहेर गडबडीत चूक होऊ शकते, इथे शांतता आहे. पोत्यातल्या फ्रेमांच्या दांड्या पाठीत टोचतात, तेवढंच.

आजोबांचा आवाज ऐकू आला. नातीच्या मैत्रिणीला घेऊन आले होते, तिच्या आईसकट. बाहेर जाऊन भेटावं असं वाटलं. गेलो नाही. बायकोला म्हणत होते, बाई, तुमच्या हाताने लिहिताय ना? मग ठीक.

मामांनी निरोप पाठवला: आता बरं झालं, दोन्ही डोळे येतात.

१२ जून

नवी सुधारणा आली. वाढदिवसाच्या शुभेच्छा सुरू. पहिल्याच दिवशी गावभर गेल्या. ज्यांची जन्मतारीख आपण भरलेली नाही, त्यांचा वाढदिवस प्रोग्राम आजच धरतो. सकाळपासून लोक दुकानात येऊन विचारत आहेत, गिफ्ट काय?

ही नवी त्रुटी कळवावी का? बायकोकडे पाहिलं. नंतर बघू.

१५ जून

कंपनीबरोबरचा वार्षिक करार या महिन्यात संपतो. नको असेल तर वीस तारखेच्या आत लेखी कळवायचं, नाही तर आपोआप वाढतो.

बायको म्हणाली, त्यांना कळव, आम्हाला नको. मी विचारलं, कारणं? ती म्हणाली, कारणं नकोत. आम्हाला नको, पुढे पूर्णविराम, खाली सही. एवढं जमेल? आणि म्हणाली, एवढं जमलं तर गर्दी ओसरल्यावर ये काउंटरवर, मला तरी कुठे दोन्हीकडे बघायला होतंय.

हे ती नीट बोलली. बऱ्याच दिवसांनी. तिचे पाय सुजलेले दिसत होते.

जमेल का म्हणे! माझं सगळं आयुष्य मसुद्यात गेलं.

१७ जून

पत्र पाठवलं. अडीच पानं. पण एकही शब्द जास्तीचा नाही. इतक्या दिवसांचा संबंध एका ओळीत तोडणं ही सभ्यता नव्हे. शिवाय सपोर्टताईंना वाटेल त्यांच्यामुळे गेलो.

पाठवून हलकं वाटलं. मागची खोली थोडी आवरली. लवकरच सोडायची आहे, तेव्हा स्वच्छ सोडावी.

२२ जून

कंपनीचं उत्तर. ‘आपल्या स्नेहपूर्ण व सविस्तर पत्राबद्दल आभार. आपल्यासारखे ग्राहक हीच आमची ताकद. आपला करार तीन वर्षांसाठी वाढवण्यात आला आहे.’

तीन!

बायको म्हणाली, पत्र आण. आणलं. म्हणाली, यात नको असं कुठे लिहिलंयस ते वाच. मला पाठ होतं, तरी शोधल्यासारखं केलं. दुसऱ्या पानावर, खालून चौथी ओळ: ‘सद्यःस्थितीत पुढील कालावधीबाबत पुनर्विचार करणे कदाचित उचित ठरेल, असे वाटण्यास वाव आहे.’

मी म्हटलं, कुठल्याही जाणकार वाचकाला याचा अर्थ स्पष्ट आहे. विमा खात्यात या वाक्याने आम्ही माणसं कामावरून काढली आहेत.

तिने कंपनीला फोन लावला, तिथेच, काउंटरवरून, एका हाताने एका पोराच्या चष्म्याचा स्क्रू आवळत. आम्हाला नको. आज बंद करा. हो, आजच. नाही, कारण नाही. ठेवते.

स्क्रू आवळून होण्याआधी फोन ठेवलासुद्धा. संदर्भ नाही, दिनांक नाही, कृपया नाही.

२२ जून, संध्याकाळ

कंपनीच्या साहेबांचा मला फोन. घाबरलेले. म्हणाले, सर, मॅडम रागावल्यात का? तुम्ही समजावा ना, तुम्ही तर आपले आहात. सांगा काय करू, आत्ता करतो. मी म्हटलं, साहेब, तो डावा डोळा. ते म्हणाले, तो ना, तासाभरात होतो.

तासाभरात झाला.

स्लिप छापली. उजवा वजा दीड. डावा वजा दीड. किती वेळ बघत बसलो कोण जाणे. काळीभोर, सरळ, देखणी छपाई. धावत बाहेर नेऊन बायकोला दाखवली. म्हटलं, बघ, दुरुस्त झालं. मी म्हणत होतो ना, माणसं वाईट नाहीत, आता एकदा विचार केला तर—

तिने स्लिप हातात घेतली, दोन्ही आकडे पाहिले. छान आलंय म्हणाली. मग ती उलटी करून मागच्या कोऱ्या बाजूवर पुढच्या गिऱ्हाइकाचा नंबर लिहायला लागली.

२३ जून

कॉम्प्युटर आज लेकीने घरी नेला. तिला कॉलेजच्या कामाला लागतो. मागच्या खोलीत आता नव्या फ्रेमांचा माल राहणार आहे, त्यामुळे मला तिथे जागा नाही. काउंटरवर तिघांची दाटी होते. तिसरी कोण, विचारलं. बायको म्हणाली, एक मुलगी ठेवतेय, कमी बोलते.

माझं काम ठरलं. तयार चष्मे गिऱ्हाइकाच्या हातात देण्यापूर्वी काचा पुसायच्या. दाराशेजारच्या स्टुलावर बसून. बायको म्हणाली, हे तरी नीट कर. लोकांना पहिल्यांदा दिसतं ते तुझ्या हातून दिसणार आहे.

वाक्य चांगलं होतं. तिला म्हटलंही तसं.

कामाला मी लहानमोठं मानत नाही. सकाळपासून बरेच चष्मे पुसले. फक्त फडक्याच्या कापडाबद्दल काही निरीक्षणं आहेत. एरवी फडकं अत्यंत उपयुक्त आहे. उद्या दुकान उघडायच्या आत बायकोला थोडक्यात लिहून देईन.